गावची जि. प. शाळा : वाचन पक्कं, भागाकार कच्चा

नागपूर जिल्ह्यात उमरेड-भिवापूरकडच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत माझी मुलगी चौथीत आहे. आधी ती व्हॅननं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जायची. शाळेचं नाव देत नाही, कारण सर आणि मॅडम दोघंही जीव लावून शिकवतात. जे कमी पडतं ते त्यांच्या हातातलं नाही.

शाळा कशी आहे हे इमारतीवरून ठरवू नका, लेकरू तपासा. लेकरांना वाचन-गणित किती येतं हे बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत घरोघरी जाऊन करतात तसंच : दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी द्या आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगा. मी हेच केलं. उतारा तिनं खडाखडा वाचला, वर मलाच अर्थ सांगितला.

वजाबाकी वर्गात कशी शिकवली ते मी दारात उभं राहून पाहिलंय. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावलेले. 42 मधून 17 काढायचे. सुट्या काड्या दोनच. मॅडम काही बोलल्या नाहीत. पोरगी जरा थांबली आणि तिनं आपणहून एका गठ्ठ्याचं रबर सोडलं. असं शिकवणं मला कॉन्व्हेंटात दिसलं नव्हतं.

भागाकार मात्र जमला नाही. 372 ला 4 नं भागताना 9 पर्यंत बरोबर आली, उरलेल्या 1 शी अडली. कारण सरळ आहे. पट साठच्या आत असला की शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पहिली ते पाचवीला मिळून शिक्षक दोनच. आणि जनगणना, आपत्ती, निवडणूक यांची कामं शिक्षकांना लावायची मुभाही त्याच 2009 च्या कायद्यात आहे. सर मतदार यादीच्या कामाला गेले की पाचही वर्ग मॅडमकडे. पहिलीला अक्षरं गिरवायला, तिसरीला पाढे लिहायला, आणि चौथीचा भागाकार उद्यावर. वाचन लेकरू एकटं बसूनही वाढवतं, पण भागाकार चुकला तर कुठं चुकला हे दाखवायला शेजारी माणूस लागतं. त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मे बाक रिकामे, मग झालेलाच पाठ पुन्हा.

आता पाचवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. मला काळजी आहे ती याचीच.

खिचडी ताजी असते, फी नाही.

पहिली-दुसरीला डोळे झाकून घाला. तिसरीपासून रोज संध्याकाळी एक तरी गणित शेजारी बसून सोडवून घ्या. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जा. तिथं किमान 75 टक्के सदस्य पालकच असतात. सर बाहेर असतील त्या दिवसांसाठी बदली शिक्षक द्या, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. तुमच्या गावाला असा शिक्षक मिळाला असेल, तर अर्ज कुणाकडे केला तेवढं सांगा.