बिंतान की तिओमान? गाणाऱ्याची सोमवार-मंगळवारची सुट्टी

सिंगापुरात गाणं शिकवून राहणाऱ्याचा वीकेंड शनिवार-रविवारी येत नाही. ते दोन दिवस शिकवण्यांचे आणि कार्यक्रमांचे. आपल्याला मिळतात सोमवार-मंगळवार. बेटावर जायला हे वार उत्तम, कारण गर्दी तेव्हा परतलेली असते. प्रश्न एवढाच की इंडोनेशियातलं बिंतान की मलेशियातलं तिओमान. मी दोन्हीकडे राहिलो आहे आणि माझा कल एका बाजूला आहे, पण आधी बिंतानचं जे चांगलं आहे ते सांगतो.

सोयीत बिंतानला तोड नाही. सिंगापूरच्या तानाह मेराह धक्क्यावरची फेरीबोट साधारण तासाभरात पोचवते आणि तिथलं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. सकाळी आठला निघालात तर उतरतानाही तिथे आठच्या आसपासच वाजलेले असतात. येताना तो तास परत द्यावा लागतो, हे मंगळवारी संध्याकाळी शिकवणी असेल तर लक्षात ठेवा. उत्तरेला लागोईची रिसॉर्टं, पूर्वेला त्रिकोराचा बराच शांत किनारा. वेळ काढून तांजुंग पिनांग शहराला गेलात तर होडीने पेन्येंगात बेटावर जरूर जा. तिथल्या पिवळ्या मशिदीच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घातला होता असं लोक सांगतात. बिंतानला आपल्या भारतीय पासपोर्टवर व्हिसा ऑन अरायव्हलचे पैसे पडतात. मलेशियाने मात्र डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला आहे.

तिओमानचा रस्ता लांबचा. सिंगापूरच्या वुडलँड्सहून पूल ओलांडून मलेशियातलं जोहोर बारू, तिथून किनाऱ्यावरचं मर्सिंग, मग बोट. घरापासून किनाऱ्यापर्यंत सहा-सात तास सहज जातात. मर्सिंगला नदीचं मुख उथळ आहे, त्यामुळे बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते आणि रोज बदलते. ती आधी बघितल्याशिवाय घरातून निघूच नये. रविवारी रात्री निघालं तर पुलावरची गाड्यांची रांग समोरून सिंगापूरकडे परतत असते आणि आपली बाजू त्या मानाने मोकळी मिळते.

इथवर कुणीही बिंतानच निवडेल. मीही निवडायचो. माझं मन फिरलं ते स्पीकरमुळे.

लागोईतल्या एका रिसॉर्टमध्ये मी उतरलो होतो. पूलपाशी गाणी, नाश्त्याला गाणी, लिफ्टमध्ये गाणी. बागेत झाडाच्या बुंध्याशी दगड दिसले म्हणून टेकायला गेलो, तर दगडातून सॅक्सोफोन. इतरांना ते ऐकूही येत नसेल. पण ज्याचे कान आठवडाभर मुलांचा उतरलेला निषाद पकडत बसलेले असतात, त्याला नुसतं ऐकून सोडून देता येत नाही. कान लगेच त्या गाण्याचा षड्ज, म्हणजे सा, शोधायला लागतो. पहाटे खोलीच्या गॅलरीत तंबोऱ्याचं ॲप माझ्या पट्टीला, काळी एकला, लावून बसलो होतो. खालून साफसफाईच्या वेळचं संगीत सुरू झालं, तेही साधारण अर्ध्या सुराने वर. त्या दोन षड्जांमध्ये गळा स्थिर राहीना. आवाज कमी करायला सांगितलं, त्यांनी अदबीने केलाही, पण दुपारी पुन्हा तेच. सगळ्याच रिसॉर्टांत असं असेल असं मी म्हणणार नाही. त्रिकोराला तर मला हा त्रास झालाच नाही.

तिओमानला मी जुआराला राहतो. बेटाच्या पूर्वेचं हे गाव. पश्चिमेच्या तेकेक गावाहून जंगलातला उभा चढ जीपने ओलांडून तिथे उतरायचं. पलीकडे दक्षिण चिनी समुद्र आणि लांबलचक, बहुतेक रिकामी वाळू. दुपारी काहीच घडत नाही. पडवीत पडून राहावं, भूक लागली की उठावं. शाकाहारी असाल तर भाजी बेलाचानशिवाय मागा, नाहीतर कोळंबीचा मसाला येतोच. संध्याकाळी अजान होते, मग झाडांतले किडे एकच स्वर धरतात आणि तो इतका भरीव असतो की त्यालाच सा मानून मी मारवा रागाचे रिषभ-धैवत लावून पाहिले आहेत. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत मला शहरातल्या खोलीत असा कधी लागलेला नाही. हा माझा अनुभव. प्रत्येकाला तसाच येईल असं नाही.

हार्मोनियम कुठेच नेऊ नका. खाऱ्या हवेत आतल्या पितळी सुरांवर (पट्ट्यांवर) डाग धरतो, आणि मर्सिंगच्या बोटीत सामान एकावर एक रचतात. ॲप आणि छोटा स्पीकर पुरतो.

एकच रात्र हाताशी असेल, किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर बिंतानला जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तर दुसरा पर्याय जवळजवळ नसतोच, कारण ईशान्य मोसमी वाऱ्यांत तिओमानच्या बोटी बहुतांशी बंद असतात आणि जुआराचा किनारा त्या वाऱ्यांच्या थेट तोंडावर येतो. तेव्हा त्रिकोराला खोली घ्या. लागोईच हवं असेल तर पूलपासून लांबची खोली मागा. मार्चनंतर दोन रात्री मोकळ्या मिळत असतील, तर मर्सिंगच्या भरतीची वेळ बघा आणि मंगळवारी एखादी शिकवणी असलीच तर ती बुधवारवर ढकला.