एलएमआयएचे ५० पॉइंट्स आणि माझे १२ हजार डॉलर

कॅनडात टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागामध्ये कुणी म्हणालं, "एलएमआयए करून देतो, तीसला पडेल," तर तीस म्हणजे ३० हजार डॉलर. मालकाला परदेशी माणूस ठेवायला लागणाऱ्या या कागदाची सरकारी फी १,००० डॉलर आहे. ती मालकानंच भरायची असते आणि कामगाराकडून वसूल करायला कायद्यानं बंदी आहे. उरलेल्या २९ हजारांवर सगळा धंदा चालतो. माझे त्यात १२ हजार गेले. नाव घेणार नाही, कारण माणूस एकच नाही आणि नाव घेतलं तर उद्या दुसऱ्या नावानं दुकान उघडेल.

एलएमआयए म्हणजे "या जागेसाठी कॅनडियन माणूस मिळत नाही" असं मालकाला मिळणारं सरकारी पत्र. त्याची किंमत सरकारनंच ठरवून दिली होती. २०१५ मध्ये एक्सप्रेस एन्ट्री, म्हणजे पॉइंट्स मोजून पीआर (कायम राहण्याचा परवाना) देणारी योजना, सुरू झाली तेव्हा अशा नोकरीला ६०० पॉइंट्स होते. म्हणजे पीआर जवळजवळ खिशात. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते ५० वर आणले, फक्त मोठ्या हुद्द्याच्या मॅनेजरांना २०० ठेवले. तेव्हा ५० म्हणजे काहीच नाही असं वाटलं असेल. पण २०२४ मध्ये इथल्या नोकरीचा अनुभव असलेल्यांच्या ड्रॉचा (निवडीच्या फेरीचा) कट-ऑफ कधी पाचशेच्या खाली आला नाही. माझा स्कोअर ४७० च्या आसपास होता आणि वर्क परमिट संपत आलं होतं. शिक्षणानंतरचं ते परमिट एकदाच मिळतं. माझ्यासारखे या पट्ट्यात हजारो असतील. स्थलांतराचा निर्णय सरकारनं एखाद्या रेस्टॉरंटवाल्याच्या सहीवर टांगून ठेवला, मग ती सही विकली जाणारच. कुणालाही कळेल असा हा हिशेब राजधानी ऑटावात कुणाला कळला नसेल, यावर माझा विश्वास नाही.

ओळख गणपतीच्या आरतीला झाली. माणूस मराठी, बोलायला गोड. पहिल्या भेटीत "कोणतं गाव?" आणि दुसऱ्या भेटीत फाईल. "भाऊ, आपल्या माणसाला मी पंजाब्यांचा रेट लावत नाही," म्हणाला. (पंजाबी पोरांना तो काय सांगत असेल याचा अंदाज आता येतो.)

त्याला इमिग्रेशनमधलं किती कळत होतं कुणास ठाऊक, पण बातम्या मात्र तो रोज वाचायचा. ट्रूडो सरकारनं २६ ऑगस्ट २०२४ ला जाहीर केलं होतं की जिथं बेरोजगारी ६ टक्के किंवा जास्त आहे अशा शहरांत कमी पगाराचे एलएमआयए अर्ज, काही अपवाद सोडून, २६ सप्टेंबरपासून घेणार नाहीत. टोरोंटो त्यात आलंच. ती बातमी त्यानं मला फोनवर उघडून दाखवली. "दार बंद होतंय, आज ठरव." ऑक्टोबरमध्ये कट-ऑफ ५३९ वर गेला तेव्हा म्हणाला, "आता ५० शिवाय तुझं काही खरं नाही." २४ ऑक्टोबरला पीआरचा २०२५ चा आकडा ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणला, त्या संध्याकाळी पुढच्या हप्त्यासाठी त्याचाच फोन. सरकार जितकं कडक होत गेलं तितका त्याचा भाव वाढत गेला.

पैसे कसे घेतले ते नीट वाचा. थोडे रोख, बाकीचे रुपयांत, कोल्हापूरच्या एका खात्यावर, त्याच्या कुणा नातेवाइकाच्या नावानं. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून भरले. पावती नाही, करार नाही. बदल्यात मला एक पीडीएफ आली. ओंटारिओतल्या एका छोट्या गावचं रेस्टॉरंट, माझं नाव, सरकारी चिन्ह, सगळं जागच्या जागी.

१७ डिसेंबरला इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी सांगितलं की नोकरीच्या ऑफरचे पॉइंट्स काढून टाकणार. कारणही हेच दिलं, की एलएमआयए विकले जातात. २५ मार्च २०२५ पासून पॉइंट्स गेले. ज्यांची नोकरी खरी होती त्यांचेही गेले, कारण विकत घेतलेलं पत्र आणि खरं पत्र वेगळं काढायचं काम सरकारनं अंगावर घेतलंच नाही. चोर धरता येत नाही म्हणून बाजारच उठवला.

मी पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "कागद परमिटला चालेल, फक्त १५ हजार अजून लागतील." तेव्हा मी ते पत्र एका वकिलाकडं नेलं. त्यांनी रेस्टॉरंटला फोन लावला. मालकाला माझं नाव माहीत नव्हतं आणि त्यानं कधी असा अर्जच केला नव्हता. मग त्या एजंटानं स्वतःचा म्हणून दिलेला इमिग्रेशन कन्सल्टंटचा लायसन्स नंबर तपासला. तो खरा निघाला! कन्सल्टंटांच्या नियामक कॉलेजच्या यादीत होता, पण दुसऱ्याच माणसाचा. यादीत नंबर आहे एवढं बघून थांबू नका. यादीत दिलेल्या फोनवर स्वतः फोन करा आणि समोर बसलेला माणूस तोच आहे का ते विचारा.

तक्रारीचं असं झालं की नियामक कॉलेज शिस्तीची कारवाई आपल्या सभासदांवरच करू शकतं आणि हा सभासदच नाही. अशांसाठी सीमा सेवा संस्थेची, म्हणजे सीबीएसएची, हेल्पलाईन आहे. तिथं माहिती दिली, पुढं काय झालं ते कळवत नाहीत. भारतातल्या पोलिसांच्या मते गुन्हा कॅनडात घडला, इथल्यांच्या मते पैसे भारतात गेले. आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक भीती असते. खोटा कागद अर्जाला जोडला गेला असेल तर चुकीची माहिती दिल्याबद्दल ५ वर्षांची बंदी येते. माझ्या सुदैवानं तो प्रोफाईलला चढवलेला नव्हता. ज्यांनी चढवला ते तोंड उघडत नाहीत, आणि एजंटाला हे पक्कं माहीत असतं. शोषण झालेल्या कामगारांना २०१९ पासून ओपन परमिट (कुठल्याही मालकाकडं काम करता येणारं) मिळू शकतं, पण ते एकाच मालकाला बांधलेल्या परमिटवर असलेल्यांना. माझं परमिट तसं नव्हतं, म्हणजे मी त्यातही बसत नाही.

राजकारण्यांचं बोलायचं तर लिबरल सरकारनं आधी नळ सोडला आणि मग पाणी वाहिलं म्हणून ओरडलं. ओंटारिओत डग फोर्ड सरकारनं २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्के कमी करून गोठवली, आणि कॉलेजांनी तो खड्डा आमच्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांच्या फीनं भरला. कन्झर्व्हेटिव्ह नेते पॉलिएव्ह यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये तात्पुरत्या परदेशी कामगारांची योजनाच बंद करा अशी मागणी केली. कोटा किती हवा यावर सगळे भांडतात. दलालाला तुरुंगात टाकण्याबद्दल प्रचारात एक वाक्य माझ्या कानावर आलं नाही. बहुधा आम्हाला मत नाही म्हणून.

सध्या तोच माणूस 'रूरल'चं बोलतोय असं एका मित्राकडून कळलं. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण पायलटमध्ये सडबरी, थंडर बे, टिमिन्स, नॉर्थ बे अशी गावं आहेत. तिथं ठरावीक मान्यताप्राप्त मालकांचीच ऑफर चालते आणि गावाची शिफारस लागते. मालक मान्यताप्राप्त आहे का हे त्या गावाच्या कार्यालयाला थेट विचारता येतं. मित्राला त्यानं सडबरीचा भाव सांगितलाय २५ हजार, "आपल्या माणसासाठी."