धंद्यातल्या ईर्षेवर तीन स्टोइक उपाय: तुम्हाला कुठला?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शेजारच्या शेडमध्ये नवं व्हीएमसी (धातू कापणारं संगणकचलित यंत्र) उतरलं, की आपल्याकडं जॉब, म्हणजे त्यावर करायचं काम, आहे का हा प्रश्न मागं पडतो आणि ईर्षा पुढं होते. स्टोइकांनी, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका पंथाच्या तत्त्वज्ञांनी, सांगितलेल्या तीन सवयी इथं उपयोगी पडतात. तिन्ही एकदम धरू नका, कारण प्रत्येक सवय वेगळ्या दुखण्यावर आहे.

खर्चाच्या कागदावर सही करायची वेळ आली असेल, तर मार्कस ऑरेलियस. 161 ते 180 या काळात रोमचा सम्राट असलेला हा माणूस स्वतःला बजावायचा, की अंगावरचं जांभळं राजवस्त्र म्हणजे शंखातल्या प्राण्याच्या रंगात बुडवलेली मेंढीची लोकर. आपणही विशेषणं काढून लिहावं. 'रुबाबदार गाडी' असं न लिहिता लिहा: 20 लाख कर्ज, 10 टक्के व्याज, 5 वर्षं, हप्ता सुमारे 42,500 रुपये, एकूण व्याज साडेपाच लाखांच्या आसपास. मशीन असेल तर दिवसाला किती तास चालणार, जॉब कुणाचा, टूलिंगला (कापायच्या हत्यारांना) किती, हे मांडा. हे गणित जमलं तर मशीन बिनधास्त घ्या. स्टोइकांनी पैशाला वाईट म्हटलेलं नाही. ही सवय बिघडते ती दुसऱ्याच्या कामावर वापरली की. मग ती नुसती तुच्छता उरते.

एपिक्टेटस जन्मानं गुलाम. त्याची वाटणी सरळ आहे: आपलं मत आणि आपला प्रयत्न आपल्या हातात, नावलौकिक नाही. ग्राहकाचा फोन आला की धस्स होतं, त्यांनी हा धरावा. समजा, कास्टिंगचा (ओतीव भागांचा) लॉट ब्लोहोलमुळं, म्हणजे आत हवेनं पडलेल्या पोकळ्यांमुळं, परत आला. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडं वाळूतला ओलावा, व्हेंट (साच्यातली हवा बाहेर जायची वाट), ओतकामाचं तापमान, तपासणीचा रिपोर्ट. उजवीकडं ग्राहकाचा चढा आवाज आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय बोललं जाईल ते. डाव्या बाजूचं काम त्याच दिवशी सुरू करा. बहुतेकांची चूक होते ती पेमेंटमध्ये: ते उजवीकडं टाकून गप्प बसतात. पैसे कधी येतील हे हातात नसलं, तरी बिल वेळेत पाठवणं आणि पाठपुरावा हातात आहेच. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल, तर लेखी करार असला तरी ग्राहकानं पैसे द्यायची मुदत 45 दिवसांपलीकडं नेता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. तेवढं मागणं म्हणजे अहंकार नव्हे.

रोमन स्टोइक सेनेका मात्र शेवटी घ्या. तो सुचवतो, की मधूनमधून तीन-चार दिवस अगदी साधं खावं, जाडंभरडं ल्यावं आणि स्वतःला विचारावं: याचीच भीती वाटत होती का? मोठेपण जाण्याच्या भीतीनं झोप उडते, त्यांच्यासाठी हा सगळ्यात जालीम उपाय. पण साधेपणाचा फोटो स्टेटसला गेला की तीही ईर्षाच. साधेपणाचं प्रदर्शन करू नये, हे सेनेकानंच सांगून ठेवलंय. आणखी एक, पगाराच्या किंवा बँकेच्या तपासणीच्या आठवड्यात हा प्रयोग नको. मालकानं गाडी घरी ठेवली म्हटल्यावर फर्म बसल्याची आवई उठू शकते, आणि पिग आयर्नवाला (ओतकामाचं कच्चं लोखंड देणारा) उधारी आखडती घेतो. पत ही दिखाऊ नाही, तिच्यावर माल येतो. म्हणून शक्यतो घरच्या जेवणापासून सुरुवात करा, शॉपवर काहीच बदल दिसू देऊ नका.