हद्दीपलीकडची टोळी: मकोका लावायचा की कलम १११?

कोल्हापूर-कागल रस्त्यावर लूट होते. थोड्याच वेळात टोळी कोगनोळीला राज्याची हद्द ओलांडून कर्नाटकातल्या निपाणीत पोहोचते आणि माल त्याच रात्री बेळगावात जातो. लुटीची मूळ कलमं लागतातच. प्रश्न असतो तो वर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ (मकोका) लावायचा, की १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या संघटित गुन्हेगारीवरच्या कलम १११ वर भागवायचं, हा.

पुष्कळांचा समज असा की १११ हा मकोकाचा सोपा मार्ग आहे. व्याख्या समोरासमोर ठेवून वाचल्या की तो टिकत नाही. दोन्हींत गुन्हा दखलपात्र आणि किमान तीन वर्षांच्या शिक्षेचा हवा. मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं दाखल झालेली हवीत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. चालू गुन्हा त्यात धरायचा नाही, तो तिसरा. प्रत्येक आरोपीवर दोन-दोन दोषारोपपत्रं शोधत बसायचीही गरज नाही. मकोकाखाली ती टोळीची बघायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये झाकीर मिरजकर प्रकरणात स्पष्ट केलं. जुनी दोषारोपपत्रं परराज्यातली असली तरी चालतात. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याबाबत ब्रिजेश सिंग प्रकरणात (२०१७) तसा निकाल आहे. चालू गुन्हा मात्र महाराष्ट्राच्या हद्दीत घडलेला हवा. तो निपाणीत घडला असेल, तर कर्नाटकाचा २००० सालचा स्वतःचा कायदा आहे. तिथे मकोकाचा विषय संपला.

खरी कटकट कागदांची आहे, आणि निवड तिथेच ठरते. चिकोडी किंवा बेळगावच्या न्यायालयातून नुसती दोषारोपपत्राची प्रत आणून भागत नाही. दखल घेतल्याचा आदेश ज्या पानावर आहे, त्या पानाची प्रमाणित प्रत लागते. हेच पान हमखास राहून जातं. कागद कन्नडमध्ये असतात, म्हणजे भाषांतर आलं. त्यात एखादी जुनी केस वरच्या न्यायालयात वर्ग झालेली असते, मग अर्ज पुन्हा नव्या ठिकाणी. ही प्रत नसेल तर १११ देखील आरोप निश्चित करतानाच गळतं.

इकडे दिवस मोजले जात असतात. १११ ला नव्वद दिवस. एक्क्याण्णवाव्या दिवशी दोषारोपपत्र नसेल तर जामीन हा आरोपीचा हक्क, आणि हद्दीपलीकडे घर असलेला आरोपी एकदा सुटला की समन्स बजावायलाही दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांची मनधरणी. मकोकात कलम २१(२) खाली ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढते. दोन राज्यांतले सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी), ओळख परेड, न्यायवैद्यक अहवाल आणि वर सांगितलेल्या प्रती हे सगळं नव्वद दिवसांत बसलेलं आमच्या पाहण्यात क्वचितच येतं. आमचा कौल थोडा मकोकाकडे झुकतो तो एवढ्याचसाठी.

ही वाढ आपोआप मिळत नाही, हे मात्र विसरू नये. अहवाल सरकारी वकिलांचा लागतो. तपास कुठवर आला आणि नव्वद दिवसांपुढे कोठडी नेमकी का हवी, हे त्यात यायला हवं. तपासी अधिकाऱ्याच्या अर्जावर नुसती सही करून पुढे ढकललेला कागद टिकत नाही. आरोपीला हजर करून कळवावंही लागतं. गुजरातच्या अशाच कायद्याखालच्या जिगर अदातिया प्रकरणात (२०२२) ते न केल्यानं मुदतवाढच रद्द ठरली. ऐंशीव्या दिवसापर्यंत अहवालाचा मसुदा तयार असलेला बरा.

बाकीचे फरक कमी महत्त्वाचे. मकोकात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब, नियम पाळले असतील तर, पुराव्यात येतो. १११ मध्ये पोलिसांपुढची कबुली बाद. आरोपीने मुद्देमाल काढून दिला तेवढाच भाग उरतो. मकोकात अटकपूर्व जामीन नाही, आणि नियमित जामीनही अवघड.

१११ च्या बाजूनेही बोलायला हवं. मकोकात कलमं लावण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाची मंजुरी, तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडे, आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी अपर महासंचालक दर्जाची परवानगी लागते. मंजुरीच्या प्रस्तावात टोळीप्रमुख कोण, हे जुन्या गुन्ह्यांतून दिसलं नाही तर फाइल शेरा मारून परत येते. शेजाऱ्याशी झालेली मारामारी आणि लुटीचा गुन्हा एकत्र बांधून टोळी होत नाही. १११ ला ही चढण नाही. ठाण्यातच कलम वाढवता येतं. आरोपी तिघे-चौघे, सगळे जिल्ह्यातलेच, जुने खटले त्याच न्यायालयात असतील, तर नव्वद दिवस पुरतात. मग मकोकाची धावपळ कशाला?

टोळी हद्दीपलीकडची असेल तर पहिल्या रिमांडच्या दिवशीच नकलांचे अर्ज कर्नाटकात जाऊ द्यावेत, आणि मंजुरीचा प्रस्ताव त्या प्रती हातात आल्यावरच वर पाठवावा. तोवर मूळ कलमांवर तपास चालू राहतोच, मात्र दिवस त्या काळातही मोजले जात असतात.