तुकडे जोडून शिवलेली प्रवासी बॅग: सात महिने वापरल्यावर, आणि चेन फाकल्यावर

गेल्या महिन्यात गाडीतून उतरताना बॅगेची चेन फाकली. रनर (चेन उघड-बंद करायला ओढतो तो तुकडा) पुढे सरकत होता, चेन बंद होतेय असं वाटत होतं, आणि रनरच्या मागे दात पुन्हा सुटत होते. दाराशी गर्दी, हातात बॅग, तिच्या फटीतून टॉवेल बाहेर आलेला. शेवटी स्वेटरच्या बाह्यांनी बॅग आवळून गाठ मारली आणि तशीच खाली उतरले. ज्या बॅगेच्या एकेका चौकोनाचे कोपरे जुळवायला मी तीन आठवडे घालवले होते, ती स्वेटरने बांधून न्यावी लागली याचा मला फार राग आला. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही.

शिवणाऱ्यांना माप-बिप नव्याने सांगायची गरज नाही, तरी थोडक्यात: शिवून झाल्यावर 10 सेंटीमीटरचा चौकोन, पुढे पंधरा, मागे पंधरा. मधे कॉटन बॅटिंग, म्हणजे दोन कापडांमधला कापसाचा थर, आत साधं सुती अस्तर, तळाला अखंड कॅनव्हास. गोधडीची टीप मारताना कापड आक्रसतं, त्यामुळे 50 सेंटीमीटरचा भाग 48 वर आला. तयार बॅग 48 बाय 28 बाय 22, म्हणजे साधारण 29.5 लिटर. वर नायलॉनची 5 नंबरची चेन (आकडा मोठा तेवढी चेन जाड), समोरासमोर दोन रनर. चेन वरून दोन्ही बाजूंना अर्ध्यापर्यंत खाली येते, म्हणून बॅग पूर्ण उघडते. पट्टे 38 मिलिमीटरच्या विणलेल्या नाड्याचे. सात महिन्यांत अकरा प्रवास झाले, त्यातले तीन चांगले लांबचे.

तुकडेकामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. शिवताना सगळी धाकधूक त्याचीच होती. इतक्या शिवणी, म्हणजे इतक्या ठिकाणी उसवणार, असं मला वाटत होतं. एकही शिवण सुटलेली नाही. आडव्या-उभ्या टिपा साडेतीन सेंटीमीटर अंतरावर आहेत, टाका 3 मिलिमीटरचा, धागा पॉलिस्टरचा. ताण एका शिवणीवर न येता सगळ्या टिपांवर वाटला जातो, हे मी वाचलं होतं. भरलेली बॅग उचलल्यावर पट्ट्याजवळचा भाग लोंबत नाही, तेव्हा ते खरंच पटलं. वॉकिंग फूट (वरचा आणि खालचा थर एकत्र पुढे सरकवणारा मशीनचा दाबपाय) नसता तर मात्र वरचा थर पुढे आणि खालचा मागे राहून चुण्या पडल्याच असत्या. पहिल्या तुकड्यावर मी साध्या फूटने हट्ट केला आणि अख्खी एक बाजू उसवावी लागली.

पट्टे जोडताना चौकोन आणि आत फुली अशी टीप मारली होती, आणि पट्टा नुसता वरच्या काठाला न जोडता तळापर्यंत नेला होता. त्यामुळे वजन पट्टाच पेलतो, कापडावर येत नाही. हा भाग दहा वर्षं जाईल असं मला वाटतं. इथे 100/16 ची जाड सुई वापरा. 90 च्या दोन सुया मी इथेच मोडल्या.

एक आनंद अजिबात अपेक्षित नव्हता. रिकामी बॅग आपली आपण उभी राहते, आणि प्रवास संपला की घडी घालून कपाटात बसते. विकतच्या बॅगेत यातलं एकच मिळतं. बॅटिंगमुळे आतल्या वस्तूंना गादी मिळते. काचेची बरणी मी नुसती कपड्यांच्या मधे ठेवून नेली, काही झालं नाही. आणि काळ्या-राखाडी बॅगांच्या ढिगातून माझी बॅग लांबूनच दिसते.

पण चेन.

फाकल्यावर पहिल्यांदा केलं ते सगळे करतात तेच: पकडीने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबल्या. चेन लगेच नीट चालू झाली. दोन प्रवास निघाले. तिसऱ्या वेळी पुन्हा सैल वाटली म्हणून पुन्हा दाबली, आणि रनरची एक कड टक् आवाज करून तुटली. हे रनर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. एकदा थोडे वाकतात, पुन्हा वाकवायला गेलं की तडकतात. तर पकडीचा उपाय घरी पोहोचेपर्यंतचाच समजा.

मग दुरुस्तीला दिली. तिथे बॅग न उघडताच सांगितलं, "ताई, पूर्ण चेन बदलावी लागेल." मी म्हटलं, दात सगळे धड आहेत, फक्त रनर बदला. "रनर बदलून उपयोग नाही, पुन्हा फाकणार." पूर्ण चेन बदलायची म्हणजे दोन्ही बाजूंची टीप उसवायची, अस्तर सोडवायचं, आणि गोधडीच्या जाड थरांतून पुन्हा त्याच भोकांवर टीप मारायची. एवढ्या कामाचे जेवढे पैसे सांगितले तेवढ्यात माझ्या दुसऱ्या बॅगेचं सगळं सामान आलं असतं. नको म्हटलं, तर आठ दिवस बॅग तशीच ठेवून घेतली आणि हात न लावता परत दिली. तेव्हाच मनात पक्कं केलं की चेनचा दर्जा वाईट आहे असं लिहायचं, आणि सगळ्यांना 8 किंवा 10 नंबरची चेन लावायला सांगायचं.

इथपर्यंतचा मजकूर मी तयार ठेवला होता. मग परवा स्वतःच रनर बदलायला बसले, आणि यातलं निम्मं मत मला मागे घ्यावं लागतंय.

रनर बदलणं अवघड नाही. जुन्या रनरच्या पाठीवर आकडा असतो, तो बघून त्याच नंबरचा आणि त्याच जातीचा घ्यायचा. नायलॉनच्या चेनचा रनर धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या जाड दातांच्या चेनला चालत नाही, नंबर तोच असला तरी. जुना रनर कटरने बाजूने तोडून काढायचा. चेनच्या शेवटाची शिवण तीनेक सेंटीमीटर उसवायची, चेनची दोन्ही टोकं सारखी कापायची आणि रनरच्या दोन तोंडांत एकाच वेळी सरकवायची. एक टोक एक दात जरी पुढे गेलं तरी चेन वाकडी बंद होते, आणि ते पार दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर कळतं. माझं तिसऱ्यांदा जमलं. मग टोकाला दोऱ्याचे दहा-बारा टाके आडवे घालून अडसर केला आणि उसवलेली शिवण बंद केली. पाऊण तास लागला.

या पाऊण तासात तुटलेला रनर माझ्यासमोर टेबलावर पडून होता. उजेडात धरला तर दिसलं की तो एकाच बाजूने झिजलाय. डावी वाट जशीच्या तशी खरखरीत, उजव्या वाटेत आरशासारखी चकचकीत रेघ. नुसता माल वाईट असता तर दोन्हीकडे सारखा झिजला असता. म्हणून नवा रनर सावकाश फिरवत नेला, आणि उजव्या कोपऱ्याच्या वळणावर तो अडकला. बोटाने चाचपलं तर चेनच्या पट्टीला लागून आत एक टणक वळकटी हाताला लागली.

ती बॅटिंग होती. चेन जोडताना मी शिवणीच्या आतली बॅटिंग कापली नव्हती. वरचं कापड, बॅटिंग, चेनची पट्टी, अस्तर, सगळं एका टिपेत घेतलं आणि उलटवलं. सरळ भागात ती जाडी मागे बसते. कोपऱ्यात चेन वळते, तिथे जाडीला जागा उरत नाही आणि ती दातांकडे ढकलली जाते. मी उजव्या हाताची, दर वेळी उजवाच रनर ओढायचा, आणि अडला की जोर लावायचा. सात महिने तो त्या वळकटीला घासत राहिला. नायलॉनच्या दातांना काही झालं नाही, धातूचा रनर मात्र फाकला.

1913 मध्ये गिडिऑन सुंडबॅकने आजच्या चेनची रचना केली, तेव्हापासून काम तेच आहे: दातांच्या दोन रांगा आणि त्यांना इंग्रजी Y सारख्या वाटेतून एकत्र आणणारा रनर. दात एकमेकांत बसवायला रनरने त्यांना ठरावीक जोरानेच दाबायला हवं. वाट केसभर रुंद झाली की दात शेजारी येतात, पण अडकत नाहीत. म्हणून चेन फाकली की आधी रनरकडे बघा, दातांकडे नंतर. दुरुस्तीवाल्याचं "पुन्हा फाकणार" हे खरं ठरलं असतं, पण कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. नवी चेन लावली असती तरी वळकटी तिथेच राहिली असती.

तर 5 नंबरच्या चेनला मी दोष देत नाही. एवढ्या आकाराच्या बॅगेला ती पुरते. माझा राग आता शिवणकामाच्या त्या शिकवण्यांवर आहे ज्यांत चौकोनांचे कोपरे जुळवण्यावर वीस मिनिटं आणि चेनवर "आता चेन जोडून घ्या" एवढं एकच वाक्य असतं. कोपरा दोन मिलिमीटर हुकला तर बॅग चालते. चेन चुकली तर बॅग बंद होत नाही.

जे तिथे सांगायला हवं होतं ते असं. चेन जोडल्यावर शिवणीच्या आतली बॅटिंग टिपेच्या अगदी जवळून कात्रीने कापून काढा. पातळ, टोकदार कात्री घ्या, कारण खालचं कापड कापलं जायची भीती असते. दातांपासून कापडाची घडी 6-7 मिलिमीटर तरी दूर ठेवा, म्हणजे रनरच्या कडेला मोकळी वाट मिळते. मग उलटवून, घडीपासून 3 मिलिमीटरवर वरून आणखी एक टीप मारा. ही टीप अस्तराला मागे धरते. माझ्या बॅगेत ती नव्हती, म्हणून अस्तरही दोनदा रनरमध्ये सापडलं आणि एका जागी टराटरा फाटलं. कोपऱ्याचं वळण जितकं मोठं ठेवाल तितकं रनरला सोपं. मी डब्याचं झाकण ठेवून वळण आखलं होतं, आता जेवणाची ताटली ठेवून आखेन.

बाकीचं भराभर. कापड आधी धुतलं नव्हतं, पहिल्या धुण्यात लाल तुकड्याचा रंग शेजारच्या सायीच्या रंगाच्या चौकोनावर उतरला तो कायमचा. कॉटन बॅटिंग पाणी धरून ठेवते; पावसात भिजलेली बॅग वाळायला दोन दिवस लागले, मधे उलटी करून टांगावी लागली. भरपूर पावसात फिरणार असाल तर पॉलिस्टरची घ्या. पातळ सुती तुकडे खालच्या कोपऱ्यांवर विरले आहेत, जीन्सचे तुकडे नव्यासारखे आहेत, तेव्हा कोपऱ्यांना जीन्स लावा. आतला खिसा मी एकच दिला, तो कमी पडतो.

उजव्या कोपऱ्याचं अस्तर दहा सेंटीमीटर उसवून आतली बॅटिंग कापून काढली. चिमूटभर निघाली, वाटीच्या तळाला पसरेल एवढी. अस्तर हाताने बंद केलं. आता रनर त्या वळणावरून एका बोटाने जातो. डाव्या कोपऱ्यात तीच वळकटी अजून आहे. तो रनर मी मधोमध आणून ठेवलाय आणि पुढच्या प्रवासाआधी तिकडचं अस्तर उसवेपर्यंत बॅग उजवीकडूनच उघडतेय.