सांगलीहून साताऱ्याचे तीन दिवस: एसटीने फिरावे की दुचाकीने?

सांगली-मिरजेकडून सातारा जिल्हा बघायला निघताना खिशात पैसे मोजकेच असतील, तर चहा-नाश्त्यावर काटकसर करून फार काही वाचत नाही. फरक पडतो तो कशाने फिरायचे यावर. ‘एसटी म्हणजे स्वस्त’ हे उत्तर अर्धवट आहे आणि ‘गाडी घरचीच आहे, पेट्रोलचेच काय ते पैसे’ हेही अर्धवटच. जाणारे किती, त्यात बायका आणि वडीलधारे किती, आणि महिना कोणता, या तीन गोष्टी कळल्या की उत्तर बहुतेक आपोआप निघते.

हिशेबासाठी एक फेरी धरू. सांगलीहून आष्टा, पेठ नाका, कराडमार्गे सातारा साधारण १२५ किलोमीटर. साताऱ्यात राहून एक दिवस कास आणि बामणोली, जाऊन-येऊन ७० च्या आसपास. दुसऱ्या दिवशी सज्जनगड आणि ठोसेघर, ५५ ते ६०. तिसऱ्या दिवशी वाई, पाचगणी, महाबळेश्वर करून मेढ्यावरून साताऱ्यात परत, सुमारे १२०. शेवटी सांगलीचे १२५. सगळे मिळून ५०० किलोमीटर पकडा.

जानेवारी २०२५ मध्ये एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हापासून साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा १० रुपये ५ पैशांचा झाला. म्हणजे किलोमीटरला १ रुपया ६७ पैसे. तिकीट टप्पे मोजून निघते, त्यामुळे थोडे कमी-जास्त होते, पण अंदाजाला हा आकडा पुरतो. दुचाकीला घाटात दोघे बसल्यावर लिटरला ४५ किलोमीटर धरा, पेट्रोल १०५ रुपये धरा. साधारण ११.१ लिटरचे ११७० रुपये होतात. त्यात ऑइल, टायर, ब्रेक-शू यांची झीज किलोमीटरमागे ५० पैसे. ती त्या दिवशी खिशातून जात नाही म्हणून कुणी धरत नाही, पण पुढच्या सर्व्हिसिंगला ती निघतेच.

| कोण जाणार | साधी एसटी | एक दुचाकी |
|---|---|---|
| एकटा पुरुष | ८४० रु. | १,४२० रु. |
| एकटी स्त्री | ४२० रु. | १,४२० रु. |
| दोघे पुरुष | १,६८० रु. | १,४२० रु. |
| एक स्त्री, एक पुरुष | १,२६० रु. | १,४२० रु. |
| दोघी स्त्रिया | ८४० रु. | १,४२० रु. |

१७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत निम्मे तिकीट आहे, आणि सारे गणित त्यानेच फिरले. दुचाकी पैशात सरस ठरते ती फक्त दोघे पुरुष असतील तेव्हा, तीही अडीचशे रुपयांनी. सोबत ६५ ते ७५ वयाचे कुणी असेल तर त्यांनाही निम्मे, आणि ७५ च्या पुढे राज्यात कुठेही तिकीटच नाही. त्यासाठी वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र जवळ लागते. आजी-आजोबांना घेऊन निघालेल्या घराने दुचाकीचा किंवा ठरवलेल्या गाडीचा विचार पैशापायी तरी करू नये. ठरवलेल्या गाडीला बहुतेक ठिकाणी रोजचे किमान २५० ते ३०० किलोमीटर धरून बिल लावतात. आपल्या फेरीत सज्जनगड-ठोसेघरच्या दिवशी ६० किलोमीटरही होत नाहीत, म्हणजे न फिरलेल्या रस्त्याचे पैसे भरायचे.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. तो काढण्याआधी त्याच्या किमतीला १.६७ ने भागा. जेवढे किलोमीटर येतील तेवढे फिरणार असाल तरच तो काढावा. हजार रुपयांच्या पासालासुद्धा ६०० किलोमीटर लागतात आणि आपली अख्खी फेरीच ५०० ची आहे. निम्म्या तिकिटावर फिरणाऱ्या बाईला तर तो तोट्याचाच. सांगलीहून कोकण करून नाशिकपर्यंत जाणाऱ्यासाठी पास चांगला, जिल्ह्यातल्या फिरण्यासाठी नाही.

सांगली ते सातारा रेल्वेचे जनरल तिकीट एसटीच्या पूर्ण तिकिटाच्या निम्म्याहून कमी पडते. पण साताऱ्याचे स्टेशन माहुलीकडे, गावापासून सहा-सात किलोमीटर बाहेर आहे. एकट्याने रिक्षा केली की वाचलेले पैसे तिथेच जातात. तिघे-चौघे रिक्षा वाटून घेणार असाल तर रेल्वे घ्या. निम्मे तिकीट असलेल्या बायकांनी सरळ एसटीने यावे, स्टँड गावातच आहे.

हा झाला सरळ हिशेब. आता तो कुठे बिघडतो ते.

एसटीत बिघडतो तो परतीला. सातारा-वाई-महाबळेश्वर या रस्त्यावर गाड्या भरपूर, तिथे काळजी नाही. ठोसेघर आणि बामणोलीकडे मात्र दिवसात मोजक्याच फेऱ्या. संध्याकाळी गावात येणारी शेवटची गाडी बऱ्याचदा मुक्कामी असते, रात्री तिथेच थांबून पहाटे निघते. नवखा माणूस ‘साडेसहाची गाडी आहे’ एवढेच ऐकून ठोसेघरच्या धबधब्यावर निवांत बसतो, गाडी येते आणि परत जातच नाही. मग रिक्षा किंवा जीपवाला मागेल तेवढे द्यावे लागतात आणि दिवसभराची बचत एका फेरीत संपते. म्हणून उतरतानाच कंडक्टरला विचारा: ‘हीच गाडी परत कधी, आणि तिच्यानंतर अजून एक आहे का?’ शेवटच्या नव्हे, शेवटून दुसऱ्या गाडीवर दिवस बेता.

आणखी एक. गावाकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात, त्या रविवारी आणि सुट्टीत धावत नाहीत. आषाढी वारीला आणि गणपतीत कोकणाकडे जादा गाड्या सोडतात तेव्हाही खेड्यांतल्या फेऱ्या कमी होतात. गणपती आणि कास पठारावरचा फुलांचा बहर पुष्कळदा लागोपाठच येतात, त्यामुळे मोबाइलवर दिसणाऱ्या वेळापत्रकावर न विसंबता आदल्या संध्याकाळी स्टँडच्या चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी खासगी जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. दुपारी एकच्या सुमारास तासभर थांबायची तयारी हवी.

दुचाकीत हिशेब बिघडवतो पाऊस. सांगलीत वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. सांगलीचा माणूस सांगलीची हवा बघून निघतो, पातळ रेनकोट घेतो आणि यवतेश्वरच्या घाटात शिरताच भिजतो. जुलै-ऑगस्टमध्ये यवतेश्वर, पसरणी, केळघर या घाटांत धुके इतके उतरते की समोरच्या एसटीचा मागचा दिवाच काय तो दिसतो. रस्त्यावर माती वाहून आलेली असते, पांढऱ्या पट्ट्यांवर चाक सरकते. जून ते ऑगस्ट दुचाकीने घाट करू नये, असे आमचे ठाम मत आहे. अडीचशे रुपयांसाठी तर नाहीच.

सप्टेंबरच्या मध्यापासून किंवा हिवाळ्यात दुचाकी न्यायची असेल, तर निघण्याआधी पुढच्या-मागच्या ब्रेकचे शू किंवा पॅड बघून घ्या. मागच्या चाकातली हवा दोघांसाठी वेगळी असते, तो आकडा गाडीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. रोज एकट्याने चालवणारा नेमका तो विसरतो. साताऱ्यातून बामणोलीकडे जाताना टाकी गावातच भरून घ्या. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडायची सवय आपल्याकडे फार आहे. तिने काहीच वाचत नाही. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला पेट्रोल जाणेच थांबते, न्यूट्रलमध्ये उलट ते थोडे-थोडे जळत राहते. शिवाय न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. स्कूटरला गिअर नाही, तेव्हा ब्रेक सतत दाबून न धरता दोन्ही ब्रेक थोडे-थोडे लावत-सोडत या. जळका वास आला तर बाजूला थांबून पंधरा-वीस मिनिटे निवू द्या, वरून पाणी ओतू नका. हेल्मेट दोघांनाही.

महामार्गावर दुचाकीला टोल नाही, एवढी एक सोय आहे. पण पेठ नाका ते सातारा रस्ता रुंदीकरणाची कामे जिथे चालू असतील तिथे वळवलेल्या रस्त्यांवर अंधारात खड्डे दिसत नाहीत. हा टप्पा उजेडातच करा.

ठिकाणांप्रमाणे बघितले तर उत्तर आणखी बदलते. ठोसेघर, सज्जनगड आणि पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्या एका दिवसात करायच्या तर दुचाकीला तोड नाही. एसटीने यातली दोनच होतात. कासचे उलटे आहे. बहराच्या हंगामात खासगी वाहने पठाराच्या अलीकडेच थांबवतात आणि तिथून पुढे पठारावर सोडणाऱ्या बसने किंवा पायी जावे लागते, त्यामुळे स्वतःच्या गाडीचा फायदा उरत नाही. दिवसाला तीन हजारच पर्यटक सोडतात, म्हणून ऑनलाइन नोंदणी आधी करा आणि मंगळवार-बुधवार धरा. शनिवार-रविवारी रांगेतच सकाळ जाते, उन्हे चढतात आणि ‘सीतेची आसवे’ ही इवली फुले बघायला उसंत मिळत नाही. बामणोलीच्या जलाशयातली बोट माणशी नसते, अख्ख्या बोटीचे पैसे घेतात. दोघेच असाल तर धक्क्यावर दुसरा गट मिळेपर्यंत थांबा.

महाबळेश्वरला आमचा कौल एसटीलाच. वाईतून ३२ किलोमीटर, सहा टप्पे, ६० रुपये, बाईला ३०. वर पोचल्यावर आगारातून प्रतापगड दर्शन, महाबळेश्वर दर्शन अशा गाड्या सुटतात. टॅक्सीने केलेल्या पॉइंटांपेक्षा त्या कितीतरी स्वस्त पडतात, फक्त सकाळी लवकर जागा धरावी लागते. मुक्काम वर करू नका. शनिवारी महाबळेश्वर-पाचगणीत खोलीचे भाव चढतात, वाईत तीच रात्र पुष्कळ कमी पैशात निघते आणि मेणवलीचा घाट तिथून चालत जाण्याजोगा आहे. साताऱ्याकडच्या रात्रीसाठी सज्जनगडावरचे भक्तनिवास आणि महाप्रसाद हा कमी पैशातला सर्वांत चांगला पर्याय. मात्र रात्री गडाचे दरवाजे बंद होतात, तेव्हा दिवेलागणीच्या आत वर पोचा, आणि देवस्थानाचे नियम पाळता येणार असतील तरच तिथे राहा.

दोघे पुरुष, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, रजा मोजकी: दुचाकी घ्या. वाचलेल्या वेळात एखादे ठिकाण जास्त होते. पहाटे महाबळेश्वरला चांगलीच थंडी असते, हातमोजे आणि कानटोपी सांगलीतूनच न्या. बाकी सगळ्यांनी एसटी धरावी. चौघे असाल तर ठोसेघरच्या एका दिवसापुरती जीप वाटून ठरवा. शेवटच्या दिवशी दुचाकीने मेढ्यावरून उतरणार असाल, तर दुपारी दोनच्या आत महाबळेश्वर सोडा, म्हणजे कराड उजेडात मागे पडते. एसटीने येणाऱ्याने सांगलीची थेट गाडी मिळाली नाही म्हणून साताऱ्यात ताटकळत बसू नये. कराडची मिळेल ती गाडी पकडावी, कराडहून सांगलीकडे गाड्या भरपूर आहेत.