क्लब मस्त, पण गेस्टला टिकवता येत नाही (साडेतीन स्टार)

चार लोकांसमोर उभं राहिलं की माझा घसा कोरडा पडतो, म्हणून एका पब्लिक स्पीकिंग क्लबला गेस्ट म्हणून गेलो. टोस्टमास्टर्स, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची जगभरातली संस्था, त्या पद्धतीचा क्लब. मेंबर गळत चाललेत हे आत शिरल्या शिरल्याच कळतं, खुर्च्या तीस मांडलेल्या, माणसं नऊ, आणि टायमर नि आ-काउंटर दोन्ही कामं एकाच ताईंकडे, एका हातात स्टॉपवॉच नि दुसऱ्या हाताने प्रत्येकाच्या 'अं', 'म्हणजे'च्या रेघा ओढणं चालू.

पण मीटिंग एकदम झकास. तयारीचं भाषण ५ ते ७ मिनिटांचं, पाचला हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल. मग टेबल टॉपिक्स, म्हणजे विषय जागेवर मिळणार आणि १ ते २ मिनिटं बोलायचं. मला आला 'हरवलेली किल्ली'. ते हिरवं कार्ड काही केल्या वर येईना हो! शेवटी ताईंनी वाचून दाखवलं, 'म्हणजे' सतरा वेळा. सगळे हसले, मीपण हसलो, आणि खरं सांगायचं तर अर्धा मेंबर मी तिथंच झालो होतो.

उरलेला अर्धा त्यांनी जवळजवळ घालवलाच होता. मीटिंग संपते न संपते तोच हातात फॉर्म, नंबर ग्रुपवर अ‍ॅड, मग रोज पोस्टर. कसं वाटलं हे एकानेही विचारलं नाही. ही घाई का ते नंतर समजलं, फी वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरअखेर भरायची असते आणि तेव्हा फी भरलेले निदान ८ मेंबर लागतात, त्यातले ३ तरी जुने. म्हणून सप्टेंबर उजाडला की यांची धावपळ. ओपन हाउस, म्हणजे नवख्यांसाठी खुली मीटिंग, ठेवलं तर त्यात पहिली पंधरा मिनिटं स्लाइड्स, १९२४ मध्ये संस्थापक स्मेडलींनी कॅलिफोर्नियात वायएमसीएच्या तळघरात टोस्टमास्टर्स कसं सुरू केलं वगैरे. अहो, समोर बसलेल्याचे हात थरथरतायत, त्याला तळघराचं काय? त्यापेक्षा त्याला एक मिनिट उभं करा ना, नको म्हणाला तर नुसतं नाव सांगू दे.

मी जॉइन झालो ते पोस्टर बघून नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एक काका शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "काय हो, ती किल्ली सापडली का शेवटी?" बास. त्याच संध्याकाळी फॉर्म भरला.

दीड स्टार कापलाय तो फक्त गेस्टच्या बाबतीत. जाणार असाल तर मागच्या रांगेत बसू नका, आणि टायमरकडे बघून हसा, सध्या तो मी आहे.